लांडग्याच्या पोटातलं आम्ल

तपासनीस दुसऱ्या तासाला येणार होते, आणि पहिला तास संपता संपता रसायनशास्त्राच्या बाईंना कळलं की त्यांची बरणी गायब आहे.

प्रयोगशाळेच्या मदतनीसकाकांनी ती घासूनपुसून पालथी घातली होती. "वास मारत होती हो. मला वाटलं, कुणाचं तरी नासलेलं लोणचं."

बरणीत चार दिवस व्हिनेगरमध्ये मुरलेलं कोंबडीचं हाड होतं, तेही कचऱ्यात गेलं होतं. आज ते रबरासारखं वाकवून दाखवायचं, मग लांडग्याच्या जठरातल्या आम्लाबद्दल बोलायचं, असा सगळा बेत. नोकरी अजून कच्ची, मुख्याध्यापिकांनी आधीच बजावलं होतं, "लांडगेबिंडगे जीवशास्त्रात. तुम्ही आपलं पुस्तक धरून चाला."

उरलं होतं ते तुलनेसाठी आणलेलं दुसरं हाड. कोरडं, टणक.

तपासनीस शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी त्या कोरड्या हाडाचा एक तुकडा मोडून विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. दोन-चार बुडबुडे आले, बस्स. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"हेच आम्ल लांडग्याच्या जठरात असतं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मग तो हाड अख्खं का गिळत नाही? कडाकडा फोडतो कशाला?"

उत्तराची वाट न पाहता बाईंनी उरलेलं हाड खलात घातलं आणि कुटायला घेतलं. भुगा दुसऱ्या परीक्षानळीतल्या आम्लात टाकला, तसा फसफसून फेस वर आला.

खिडकीजवळची मुलगी, दोनदा नापास झालेली, वर्षभर तोंड न उघडलेली, हळूच म्हणाली, "बाई, बारीक केलं की आम्लाला सगळीकडून शिरता येतं. दाढांनी निम्मं काम आधीच उरकलं."

"हे पुस्तकात कुठं आहे?" तपासनिसांनी विचारलं.

"लांडगा नाही, सर," बाई म्हणाल्या. "अभिक्रियेचा वेग आहे. पाचवं प्रकरण."

तपासनिसांनी काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. उरलेले तास बाईंनी कसेबसे ढकलले. डबाही उघडला नाही.

शाळा सुटताना मुख्याध्यापिकांनी तपासनिसांचा कागद पुढं केला. नोकरीला आणखी एक वर्ष मुदत. खाली शेरा: 'विषय सोडून जातात, पण परत येतात.'

बाईंनी तो दोनदा वाचला. दाराशी ती मुलगी उभी होती.

"बाई, मग लांडग्याचं स्वतःचं पोट कसं जळत नाही?"

"बस," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढली.