सहादेवचं म्हणणं

सहादेवला झटका आला त्याला या पौषात सहा वर्षं झाली. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा होता तो तिथंच कोसळला, आणि दवाखान्यातून सोनईला घरी आला तो कायमचा खाटेवर. हातपाय गेले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतं, पण सांगता येणार नाही."

तेव्हापासून त्याच्या वाटचं बोलणं बायको बोलत आली. सत्यशीलानं त्याची खाट रस्त्याकडच्या खिडकीला लावली. तेवढाच माणसांत राहील, असं तिला वाटलं. जाणारा-येणारा आत डोकावून विचारायचा, "काय सहादेवराव, बरं हाय ना?" मग कूस बदलता बदलता, नळीतून पेज देता देता सत्यशीलाच सांगायची, "बरं हाय. तुमाला बघून खूश झालेत."

श्रावणात पुण्याच्या एका कॉलेजातून रुचा नावाची मुलगी यंत्र घेऊन आली. डोक्याला तारांची टोपी घालायची आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं लुकलुकत राहायची. हवं ते अक्षर उजळलं की सहादेवच्या मेंदूत जी हालचाल होई, ती यंत्र टिपायचं. महिनाभर प्रयोग होता. पहिले दहा दिवस पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी उमटली. रुचा गेली की टोपीखालचा चिकट लेप त्याच्या केसांतून धुऊन काढायचं काम सत्यशीलाचं. त्यात तिचा तासभर जायचा.

अकराव्या दिवशी पाऊण तास खपून पडद्यावर दोन शब्द आले : 'खिडकी नको'.

रुचा आनंदानं ओरडलीच. सत्यशीलानं मात्र ते दोनदा वाचलं.

"नको म्हंजे? उजेड लागतो का हो डोळ्यांवर?"

पुन्हा अक्षरं लुकलुकली. बऱ्याच वेळानं उमटलं : 'लोक बघतात'.

रुचाला हाताशी घेऊन सत्यशीलानं खाट ओढत आतल्या भिंतीला नेली आणि मागच्या दारी जाऊन बसली. रडू आलं नाही. राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. सहा वर्षं रोज उठून तिनं त्याला चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि वर तो खूश आहे असंही सांगितलं होतं.

महिना संपला तशी टोपी, तारा पेटीत गेल्या. निघताना रुचानं प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद पुढं केला. त्यावर ओळीनं मुळाक्षरं आणि बाराखडी होती.

"काकू, काकांचे डोळे वर होतात, ते काका स्वतः करतात. तुम्ही एकेका अक्षरावर बोट ठेवत जा. हवं ते आलं की ते वर बघतील. याला यंत्र लागत नाही."

"येवढंच हुतं, तर सहा वर्सांत कुनी का न्हाई सांगितलं?"

रुचा पेटीची कडी लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं उरकून सत्यशीला कागद घेऊन खाटेशी बसली. पाठ ठणकत होती. ती बोट सरकवत गेली. 'ऊ'वर डोळे वर झाले. पुन्हा पहिल्यापासून. मग 'स'. मग 'को'.

शेतातल्या उसाला पाणी कोण देतं, हे त्याला विचारायचं होतं. तिला ते कळलं, जिभेवरही आलं. पण तिनं ओठ मिटले आणि बोट परत पहिल्या ओळीवर नेलं. त्या ओळीतच कुठंतरी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. कागद खाली पडला होता आणि सहादेव तिच्याकडं बघत होता.

"लई वेळ झोपले का ओ मी?"

त्यानं डोळे वर केले.

तिनं कागद उचलला, पदरानं पुसला. "व्हय, कळलं. आता सांगा, 'को'च्या म्होरं काय?"