चकलीला पाठ झालेला रस्ता

आमच्या सोसायटीचे चेअरमन अनिरुद्ध लिमये मूळचे नारायण पेठेतले. विश्रांतवाडीत येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण येताना जीभ काही ते तिकडे ठेवून आले नाहीत. पार्किंगमागच्या पडीक कोपऱ्यात मी माझ्या कुत्रीसाठी उड्या मारायला आडवे पाइप, कापडी बोगदा आणि काठ्यांची रांग मांडली, तेव्हा त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "गायकवाड बाई, सर्कस कधी सुरू होतेय? मेंबरांना तिकीट माफ का?"

"माफ," मी म्हटलं. "विदूषकाची जागा तेवढी रिकामी आहे."

हशा पिकला. लिमये मात्र हसले नाहीत. कुत्री मोकळी धावते, मुलांच्या अंगावर गेली तर काय, अशी तक्रार आली होती म्हणे. त्यांनी निकाल देऊन टाकला. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळ्यांसमोर करून दाखवा. कुत्री तुमच्या शब्दात आहे असं दिसलं, तर कोपरा तुमचा. नाही दिसलं, तर सामान भंगारात."

आता तुम्ही म्हणाल, चार पाइप गेले भंगारात तर एवढं काय बिघडलं? बिघडलं असतं. ही कुत्री आमच्या स्कूटरखाली सापडली, तेव्हा कुकरच्या शिट्टीलाही पलंगाखाली शिरायची. वरच्या मजल्यावरच्या पूर्वाने तिला पहिल्यांदा या खेळात आणलं. पूर्वा खराडीला कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीत आपल्या कुत्र्याला घेऊन अजिलिटीच्या स्पर्धांना जाते. म्हणजे माणसाने शेजारून धावायचं आणि कुत्र्याने माणूस नेईल तसं उड्या मारत, बोगद्यातून, काठ्यांमधून जायचं. आमचं ध्यान त्या बोगद्यात घाबरत घाबरत शिरलं आणि पलीकडून बाहेर आलं, ते पायांत घातलेली शेपटी चकलीसारखी वर वळवून. त्या दिवशी तिचं नाव चकली पडलं. आणि खरं सांगू, शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून कशाची तरी घाई असावी, असं मला त्या कोपऱ्यामुळेच वाटायला लागलं होतं. तो कोपरा मला हवा होता.

म्हणून मी कंबर कसली. आयुष्यभर गणित शिकवलंय मी. पाढे पाठ असले की पोर कुठे अडत नाही, यावर माझा ठाम विश्वास. रोज सकाळी तोच क्रम: उडी, बोगदा, काठ्या, उडी. झालं की पुन्हा. चकलीची जीभ बाहेर आली तरी पुन्हा. मी शेजारून खड्या आवाजात ओरडत असायची. थोड्याच दिवसांत ती असं काही धावायला लागली की मी मनातल्या मनात लिमयांचं तोंड बघून घेतलं.

शनिवारी पूर्वाला बोलावून दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या. मग बोगदा ओढत दुसऱ्या कडेला नेऊन ठेवला.

"आता करा, काकू."

चकलीने उडी मारली आणि बोगदा जिथे असायचा तिथे धावत गेली. मोकळी जमीन हुंगली. मी इकडे बोगदा, बोगदा म्हणून घसा फोडतेय आणि ही बया माझ्याकडे ढुंकूनही न बघता काठ्यांतून गेली, शेवटची उडी मारली आणि बक्षिसाचं पनीर मागायला पायाशी येऊन बसली.

"काकू, तिला कोर्स पाठ झालाय," पूर्वा म्हणाली. "ती तुम्हाला फॉलोच करत नाहीये. तुम्ही तिथे नसलात तरी तिचं काही अडणार नाही."

हे मात्र मला झोंबलं. "जमीनच उंचसखल आहे इथली," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले आमचे हे म्हणाले. पेपर खाली घ्यायचीही तसदी घेतली नाही.

पूर्वाने मग माझी शाळा घेतली. रोज थोडंच करायचं आणि रोज मांडणी बदलायची. कुत्रीला अजून हवंहवंसं वाटत असतानाच थांबायचं. "आणि काकू, रागावू नका, पण तुम्ही खूप बोलता. डॉग्ज शब्दांपेक्षा आपले पाय आणि खांदे बघतात. तिच्यापेक्षा तुम्हालाच प्रॅक्टिस हवीये. आधी चकलीशिवाय करा."

"चकलीशिवाय? मग माझ्यामागे धावायचं कुणी?"

आम्ही दोघींनी पेपरकडे बघितलं.

उत्तरेश्वर गायकवाड खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी बरंच काही सोसलं असेल, पण कुत्र्याचं काम पहिल्यांदाच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे, हे मागे. नियम एकच: मी काहीही बोलले तरी त्यांनी माझा खांदा वळेल तिकडे जायचं. पहिल्याच वळणावर हे थेट लिमयांच्या गाडीवर जाऊन आदळले.

"अहो, उजवीकडे म्हटलं ना मी?"

"तोंड उजवीकडे म्हणत होतं, खांदा डावीकडे होता," गुडघा चोळत हे म्हणाले. "मी ऐकू कुणाचं? लग्न झाल्यापासून मला हाच प्रश्न आहे."

मला इतकं हसू आलं की मी तिथेच फतकल मारून बसले. हसताना कळत होतं की माणूस अगदी बरोबर बोलतोय. बिचारी चकली तरी काय करणार होती? तिने माझा नाद सोडून रस्ता पाठ केला, त्यात तिचं काय चुकलं?

तेव्हापासून सगळंच बदललं. एका सकाळी नुसती वळणं, दुसऱ्या सकाळी फक्त काठ्या. तोंड मिटून धावायचं. बाई असून तोंड मिटायचं, म्हणजे बघा. त्याहून अवघड होतं वेळेत थांबणं, कारण घंटा होऊनही मी कधी वर्ग सोडलेला नाही. पण झालं काय, की मी थांबले तरी चकली थांबेना. आणखी एकदा म्हणून उड्या मारायची. सकाळी माझ्या आधी दाराशी जाऊन उभी राहायची आणि मी जरा वळले की तीही वळायची. स्वयंपाकघरात मी डब्याकडे वळले, तरी ही डब्याकडे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबीचे खोके उघडले आणि सगळी सोसायटी कोपऱ्याभोवती जमली. कमिटीसाठी बाक टाकला होता. लिमये उठले आणि स्वतःच्या हाताने बोगदा उचलून भलतीकडे ठेवून आले. "पाठांतर नको, बाई. ते पोपटही करतो."

त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

धावलो आम्ही. एक शब्द बोलले नाही मी. उडी झाली, मी खांदा वळवला आणि चकली माझ्याबरोबर वळून नव्या जागेच्या बोगद्यात शिरली. काठ्यांतून अशी सळसळत निघाली की मुलं ओरडायला लागली. काळजात नुसता आनंद मावेना. आता शेवटची उडी राहिली होती, समोरच. आणि तिथेच मला मोह झाला. लिमयांचं तोंड कसं झालंय ते बघायला मी वळले.

चकलीही वळली. समोरची उडी सोडून ती बाकाकडे सुटली, लिमये आणि जिलेबीचा खोका यांच्यामधून बाक ओलांडून पलीकडे गेली आणि आता पुढे काय म्हणून माझ्याकडे बघत उभी राहिली. जिलेबीला नाकसुद्धा लावलं नाही तिने.

"ही आली ना अंगावर?" कुणीतरी म्हणालं.

कुत्रं आहे, चुकायचंच, असं म्हणून मी वेळ मारून नेऊ शकले असते. पण जीभ रेटेना. "ती चुकली नाही," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघायला वळले, लिमये. मी वळले म्हणून ती आली."

"असं?" लिमयांनी चष्मा पुसला. "मग आता न बोलता न्या तिला परत."

मी त्यांच्याकडे पाठ केली, खांदा शेवटच्या उडीकडे वळवला आणि पाऊल टाकलं. चकली बाकाला वळसा घालून आली, उडीवरून गेली आणि माझ्या पायाशी बसली. तिची शेपटी नुसती नाचत होती.

लिमयांनी कमिटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुत्री पास," ते म्हणाले. "तुम्ही नापास, बाई. कोपरा ठेवावाच लागणार. तुम्हाला सराव कमी आहे."

आयुष्यात मी कित्येकांना नापास केलं, मला कुणी केलं नव्हतं. इतका आनंद होतो हे माहीत असतं, तर लवकर झाले असते.