म्यानात गंजलेला रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. घाबरू नका. माझ्या पोटात एकही गोळी नाही आणि माझी ही कहाणी मी एका बंद पोलादी तिजोरीतून सांगतो आहे. ही तिजोरी ट्वायलाच्या घरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी उभी आहे. मशीन गरगरायला लागलं की तिजोरीही थरथरते आणि तिच्याबरोबर मीही. इथे उजेड येत नाही, वारा येत नाही, येतो तो फक्त साबणाचा वास. भिंतीच्या पलीकडे एक खुर्ची आहे. तिची कुरकुर ऐकू आली की म्हातारा जागा आहे हे मला कळतं.

म्हातारा म्हणजे माझा मालक, ऑर्बिन स्टिडम. ट्वायला त्याची लेक.

माझा जन्म अमेरिकेत, उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कापलं, घासलं, तापवलं आणि कसल्याशा रसायनात बुडवून काळानिळा रंग चढवला. उन्हात कावळ्याच्या मानेवर चमकतो ना, अगदी तसा. अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. मग खोक्यात घालून मला केंटकीच्या डोंगरात पाठवलं. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि कोंबड्यांचं खाद्य यांच्या मधल्या कपाटात मी बसलो होतो. लाकडाच्या गिरणीत काम करणारा एक उंच तरुण रोज येऊन काचेतून मला बघून जायचा. एके दिवशी तो मला विकत घेऊन गेला. तोच ऑर्बिन.

मी काही चोर-दरोडेखोरांच्या कामाचा नव्हे. माझी गोळी बावीस कॅलिबरची, करंगळीपेक्षाही बारीक. ससा आणि खार हीच माझी शिकार. तुमच्या अंगणातली पट्ट्यापट्ट्यांची चिमुकली खार नव्हे हं. आमच्या डोंगरातली खार मांजराच्या पिलाएवढी असते, आणि पानगळीच्या सुरुवातीला घरोघरी तिचा दाट पांढरा रस्सा शिजतो.

ऑर्बिन उजाडायच्या सुमारास टेकडीवर जायचा आणि हिकरीच्या, म्हणजे अक्रोडासारखी टणक फळं धरणाऱ्या झाडाला पाठ टेकून बसायचा. बसायचा म्हणजे असा, की थोड्या वेळाने पाखरं त्याच्या बुटाशेजारी उतरायची. मग वरून टरफलांचा चुरा गळायला लागायचा. खारी फळं कुरतडत असायच्या. तरीही तो घाई करत नसे. खारीचं डोकं स्वच्छ दिसलं पाहिजे आणि तिच्यामागे जाड खोड असलं पाहिजे. मागे मोकळं आभाळ असेल तर हुकलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा चापाला बोट लावायचं नाही, हा त्याचा कायदा. कितीतरी वेळा समोरची खार सोडून तो रिकाम्या हाताने घरी आलेला आहे.

त्याचा मित्र अर्लिस यावरून त्याची चेष्टा करायचा. अर्लिसकडे लांब नळीची छर्र्यांची बंदूक होती.

“अरे लेका, त्या खेळण्याने काय मारतोस? माझ्यासारखी बंदूक घे, निदान रस्सा तरी पोटात जाईल!”

“तुझ्या रश्शात खारीपेक्षा छर्रे जास्त,” ऑर्बिन म्हणायचा. “तुझ्या बायकोचा दात कशाने पडला ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

हे ऐकून मी फुशारून जात असे. कोण नाही जाणार?

संध्याकाळी तो मला वर्तमानपत्रावर ठेवायचा. आधी मी रिकामा आहे ना ते बघायचा, मग पुन्हा एकदा बघायचा. नळीतून ब्रश, मग चिंधी. गोळ्या बसतात त्या चक्रीच्या प्रत्येक घरात तेलाचा थेंब. शेवटी सगळ्या अंगावरून तेलाचा हात फिरवून तो मला एका जुन्या लोकरी मोज्यात सरकवून कपाटात कुलूप लावून ठेवायचा. मोज्याच्या टाचेला भोक होतं. राजाला गोणपाटात झोपवावं तसा तो थाट, पण मी त्यात सुखी होतो.

माझ्यासाठी एक म्यानही होतं. ट्वायलाने शाळेत असताना स्वतःच्या हाताने शिवलेलं, जाड कातड्याचं, वर ओकची पानं कोरलेली. जंगलात जाताना ऑर्बिन ते कमरेला लावायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, “माझ्या पोरीने केलंय.” पण घरी आल्याबरोबर तो मला त्यातून बाहेर काढायचा. का, ते त्याने लेकीला कधी सांगितलं नाही. कमावलेल्या कातड्यात मिठाचा अंश राहतो आणि ते हवेतलं पाणी ओढतं, हे आमच्या डोंगरातल्या प्रत्येक शिकाऱ्याला बापाकडून कळतं. ट्वायला शिकारीला कधी गेलीच नाही. तिला वाटायचं, म्यान जपून राहावं म्हणून बाबा ते खुंटीला टांगतात.

वर्षं गेली. ऑर्बिनची बायको गेली, गिरणी बंद पडली. मग त्याचे हात थरथरायला लागले. आधी कॉफीचा कप हिंदकळायचा, मग शर्टाची बटणं लागेनात. तरी तो टेकडीवर जात राहिला. तिथे बसलं की हात जरा शांत होतात, असं तो म्हणायचा.

आणि मग ती सकाळ आली. तो जंगलातून परतून ओसरीवर उभा होता. मी भरलेला होतो, आणि गोळीवर आपटणारा माझा घोडा नेम धरताना चढवलेला तसाच राहिला होता. अंगठ्याने तो घोडा हळूच खाली आणू लागला आणि अंगठा घसरला. गोळी ओसरीच्या फळीतून आरपार गेली. फळीखाली त्याची कुत्री बटन झोपायची. ती किंचाळत बाहेर आली. तिला खरचटलंही नव्हतं, पण ऑर्बिन पायरीवर बसून तिचं अंग चाचपत राहिला. ट्वायला त्याला भेटायला आली होती. तिने दारातून सगळं पाहिलं.

“बस झालं, डॅडी,” ती म्हणाली. “आज बटन होती. उद्या माझी मुलं असतील.”

त्याने मान खाली घालून मला तिच्या हाती दिलं. मित्रांनो, ट्वायलाची चूक होती असं मी म्हणणार नाही. मी खेळणं नाही. मला कुलपात ठेवायलाच हवं.

तिने ऑर्बिनला खाली गावात आपल्या घरी आणलं. त्याच्या जुन्या गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. मला ठेवताना तिने तो मोजा बघितला आणि नाक मुरडलं. “आयुष्यभर साथ दिली याने, आणि राहायला फाटका मोजा!” असं पुटपुटत तिने मला पुसलं, आपण शिवलेल्या म्यानात घातलं, वरचं बटण लावलं आणि तिजोरी बंद केली. किती मायेने केलं हो तिने ते! त्या मायेने माझा गळा धरला.

पहिले काही दिवस काही जाणवलं नाही. मग मशीनची वाफ भिंतीवरून उतरून तिजोरीत शिरायला लागली. कातडं ती पिऊ लागलं आणि माझ्या अंगाला ओलं फडकं बांधावं तसं चिकटून बसलं. आधी नळीच्या टोकाला खाज सुटली. मग चक्रीच्या कडेला. लोखंडाला गंज चढतो तेव्हा आवाज होत नाही, नाहीतर मी घर डोक्यावर घेतलं असतं. हलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि ज्याला एका नजरेत सगळं कळलं असतं तो वीतभर भिंतीच्या पलीकडे बसलेला.

त्याचंही काही वेगळं चाललं नव्हतं. “डॅडी, उठू नका, पडाल.” “डॅडी, बाहेर गार आहे.” “डॅडी, मी आणते ना, बसा तुम्ही.” दिवसभर हेच. खुर्ची कुरकुरायची आणि पुन्हा गप्प व्हायची.

शिकारीचा हंगाम जवळ आला तसा तो बोलायला लागला.

“हिकरीची फळं भरली असतील आता.”

ट्वायला भांडी घासत असायची.

“खारी कुरतडायला लागल्या असतील. एकदा गेलं पाहिजे.”

“डॅडी, पुन्हा तेच! तो विषय संपला. रिव्हॉल्व्हर मिळणार नाही म्हणजे नाही.”

त्याची खुर्ची कुरकुरायची. मी मात्र अंधारात मोहरून जायचो. म्हातारा मला विसरला नाही! रोज माझ्यासाठी लेकीची बोलणी खातो आहे! आज ना उद्या तो हट्टाने तिजोरी उघडायला लावील, मला बघील, गंज खरवडून काढील. या आशेवर मी एकेक दिवस काढला.

पण पुढे त्याने ते बोलणंही सोडलं. अर्लिस खारींची पिशवी घेऊन आला, ट्वायलाने रस्सा केला, आणि ऑर्बिनने ताट सरकवून दिलं.

“काय रे म्हाताऱ्या, यात छर्रे आहेत म्हणून घाबरलास?” अर्लिस म्हणाला.

उत्तर आलं नाही. अर्लिसची चेष्टा त्याने अशी फुकट जाऊ दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला धडकी भरली. जाताना अर्लिस ट्वायलाला मशीनपाशी घेऊन आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “पोरी, हा असा हिवाळा काढणार नाही. काहीतरी कर.”

त्याला दारापर्यंत पोचवून ती परत मशीनपाशी आली. मग कुलपाचे आकडे फिरल्याचा आवाज झाला आणि माझ्या म्यानावर उजेड पडला. तिने ठरवलं होतं, रिकामा तर आहे, निदान हातात घेऊ दे त्यांना. तिने मला म्यानासकट त्याच्या मांडीवर ठेवलं.

“घ्या डॅडी. तुमचा जीव यात अडकलाय ना?”

त्याने बटण काढलं. मी बाहेर येईना. कातडं आणि मी एकमेकांना चिकटलो होतो. शेवटी ट्वायलानेच जोर लावून मला ओढलं. तिच्या तळहाताला तांबडी भुकटी लागली. माझा काळानिळा रंग जागोजागी उडाला होता, अंगावर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे पडले होते. मी रिकामा आहे ना ते बघायला ऑर्बिनने सवयीने चक्री ढकलली. ती जागची हलली नाही.

“हे कशाने झालं?” ट्वायला म्हणाली. “मी तर चांगल्या म्यानात ठेवलं होतं. मी... मी शिवलेल्या...”

तिला एकदम कळलं. इतकी वर्षं म्यान खुंटीवर आणि मी मोज्यात का, ते तिला कळलं. ती जमिनीवर बसून रडायला लागली.

“रडतेस काय, वेडे? लोखंड आहे, गंजायचंच.”

“डॅडी, तुम्ही यासाठी झुरत होतात. रोज मागत होतात. आणि मी याचं हे करून ठेवलं.”

ऑर्बिनने मान वर केली. त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

“याच्यासाठी? पोरी, हा मी तुझ्याकडे कधी मागितला? बटनच्या अंगावर गोळी जाता जाता राहिली, त्या दिवशीच मी याला सोडलं. माझे हात काय मला दिसत नाहीत?”

“मग एकदा गेलं पाहिजे, गेलं पाहिजे, असं काय म्हणत होतात?”

“टेकडीवर. झाडाखाली जाऊन बसायचं होतं मला. तू दर वेळी या बंदुकीचंच काढायचीस. मला वाटलं, आता तेही बंद. बंदूक गेली की म्हाताऱ्याला जंगलही बंद, असाच नियम असेल तुमचा.”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्याचं ते बोलणं मला गंजापेक्षा जास्त लागलं. मी इतके दिवस अंधारात ज्या हाकेवर जगलो, ती हाक माझ्यासाठी नव्हतीच.

दुपारभर दोघं माझ्यावर झटली. तो सांगत होता, ती तेल घालून पितळी ब्रशने घासत होती. शेवटी चक्री फिरली. नळी दिव्याकडे धरून ट्वायलाने आत बघायला दिलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आतून गेलाय. आता याचा नेम लागायचा नाही.” त्याने माझ्या मुठीवर अंगठा फिरवला, मला लेकीच्या हाती दिलं आणि विचारलं, “उद्या पाऊस नाही ना?”

सकाळी गाडी सुरू झाल्याचं मी तिजोरीतूनच ऐकलं. ती दोघं मला न घेता गेली.

परत आली तेव्हा ऊन वर आलं असावं. भिंतीपलीकडे अर्लिस त्यांची वाट बघत बसला होता.

“हिच्या डोक्यावर खारीने टरफल टाकलं,” ऑर्बिन सांगत होता, “आणि ही जी किंचाळली! पलीकडच्या जिल्ह्यातल्या खारीसुद्धा पळाल्या असतील.”

“कुणी पाहिलं? डॅडी काहीही सांगतात!”

“तू गप. अर्लिस, पुढच्या वेळी हिला तुझ्याबरोबर ने. तुला तसंही काही मिळत नाही.”

आणि तो हसला. इतक्या महिन्यांत तो हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग भांड्याचं झाकण वाजलं, आणि त्याने कालचा रस्सा मागून घेतला.

मी अजून आतच आहे. आता मला तेल मिळतं, कातडं गेलं, तरी दार बंदच आहे आणि बंदच राहणार. माझी तक्रार नाही, मित्रांनो. माझ्यासारख्या वस्तू घरात असतील तर त्या रिकाम्या करा, कुलपात ठेवा, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि अधूनमधून दार उघडून आमच्याकडे बघत जा. पण तुमच्या घरात खुर्चीत बसवून ठेवलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला काय हवं ते तुम्हीच ठरवू नका. त्याच्याजवळ जाऊन एकदा विचारा, तुम्हाला कुठे जायचंय?