आपले नव्हेत ते फोटॉन

ईशानीच्या पीएचडीचा विषय होता एकेकट्या फोटॉनचा रंग बदलणं. क्वांटम माहिती घेऊन निघालेला लाल फोटॉन लांबच्या फायबरमध्ये वाटेतच हरवतो. तोच खास स्फटिकातून, सोबत जोरदार लेझर सोडून नेला, तर अवरक्त होतो आणि दूरवर टिकतो. बनारसमधल्या एका छोट्या संस्थेत ती आणि तिच्या गाईड शरदिनी मॅडम कितीतरी वर्षं यामागे होत्या. शेवटी लेझरची ताकद वाढवल्यावर आकडे जमले. दोघींनी शोधनिबंध एका जर्नलकडे पाठवला.

परीक्षकाने एवढंच विचारलं, की ताकद वाढवल्यावर नुसत्या लेझरमुळे येणारे फोटॉन पुन्हा मोजले होते का?

मोजले नव्हते. कमी ताकदीच्या वेळचा जुनाच आकडा वजा केला होता.

ईशानीने लाल प्रकाशाच्या वाटेत काळा पुठ्ठा धरला. मोजणी जेमतेम घटली. लेझरच स्फटिकात तसेच अवरक्त फोटॉन तयार करत होता.

मॅडमनी पुठ्ठा स्वतः धरून पाहिला.

"आपलेही असतील ना यात?"

"असतील, मॅडम. पण वेगळे काढता येत नाहीत."

"लेझर कमी केला तर?"

"मग रंग बदलतच नाही. मागे पाहिलंय आपण."

मॅडम स्टुलावर बसल्या. त्या लवकरच रिटायर होणार होत्या. "निबंध मागे घेते," त्या म्हणाल्या. "तू आधी जेवून घे."

मंगला गौरी मंदिराजवळच्या घरी बाबा, वेदपाठशाळेतले बिंदुमाधवशास्त्री, वाट पाहत होते. पोरीचा पेपर येतोय, हे त्यांनी पंचगंगा घाटावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"रद्द झाला, बाबा."

"कुणी गडबड केली?"

"आमचीच चूक."

"मग फिरसे करायचं, बेटा."

"फेलोशिप संपली. मॅडमही चालल्या."

बाबा तिच्यासाठी ताट वाढायला उठले.

मॅडम नागपूरला गेल्या. लेझर दुसऱ्या विभागाने नेला. ईशानी गंगेपलीकडे रामनगरच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवू लागली. जाता-येता पुलावर तासन्‌तास जाम लागे.

मॅडमचा अधूनमधून फोन यायचा.

"थीसिसचं काय करतेस?"

"बघते, मॅडम."

करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. दिवाळीनंतर मॅडम तेही विचारेनाशा झाल्या. फक्त तब्येतीचं बोलायच्या.