रुसलेल्या राजाची खोबण

मास्तरांचा फोन ठेवला आणि ताईने समोरच्या भिंतीकडे पाहून कपाळावर हात मारला.

"एवढंच होतं होय!" ती भिंतीला म्हणाली. "एवढ्यासाठी जन्म गेला!"

मास्तर म्हणजे जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातले जाणते गृहस्थ. त्यांच्या हाती नवा कॅटलॉग आला होता आणि ताईच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडलं म्हणून त्यांनी हौसेने फोन केला होता. प्रश्न खरं तर तिचा नव्हता, तिच्या वडिलांचा होता.

वडील तराजू दुरुस्त करायचे. एकदा भंगारवाल्याकडे जुनी वजनं शोधायला म्हणून गेले आणि मातीने माखलेल्या टिकल्यांची थैली घेऊन आले. "घरात कचऱ्याला तोटा आहे का?" असं आई म्हणाली, ते ताईला काल म्हटल्यासारखं आठवतं. त्या टिकल्या पाण्यात भिजवून, सुईने टोकरून काढल्या, तर ती रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली कांस्याची नाणी निघाली. नखाएवढी. तेव्हाची चिल्लर. पण त्या दिवसापासून वडील, ताई आणि तिचा धाकटा भाऊ तिघांना जे वेड लागलं, ते लागलं.

वडिलांचा एक नियम होता. खोबणी पाडलेल्या खणात नाणं ठेवायचं ते राजाचं तोंड खाली आणि नाण्याची पाठ वर. "राजे मेले सगळे सारखेच," ते म्हणायचे. "नाक वर करून बसलेले. गंमत आहे ती पाठीवर." आणि पाठीवर खरोखरच गंमत होती. घोड्यावरून कोसळणारा स्वार होता, दोन बाळांना पाजणारी लांडगी होती, निशाणाच्या दोन बाजूंना ताठ उभे राहिलेले दोन शिपाई होते. त्यातही भेद. कुठे निशाण एक, कुठे दोन. कुठे पडणारा स्वार घोड्याची मान धरतो, कुठे हात पसरून दया मागतो. आणि वडिलांचा लाडका तो दगडी दरवाजा. वर दोन मनोरे, मनोऱ्यांच्या मधे चांदणी.

दरवाजांच्या ओळीत शेवटची खोबण रिकामी होती. मनोरे आणि चांदणीच्या दरवाजाचा आणखी एक प्रकार असतो, एवढंच वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं. फरक काय ते त्यात लिहिलं नव्हतं. वडील गेले, खोबण तशीच राहिली. ताई आणि तिचा भाऊ भिंग लावून त्या दरवाजांचे दगड मोजत बसायची, चांदणीची टोकं मोजायची, उंबरठा आहे की नाही यावरून महिनामहिना अबोला धरायची. हाती काही लागलं नाही.

आणि आज मास्तर म्हणाले, "पाठ तीच आहे हो ताई, अगदी तीच. फरक तोंडात आहे. एरवी राजा उजवीकडे बघतो, यात डावीकडे. बस्स."

ताईच्या डोळ्यांपुढे एकदम स्वयंपाकघर उभं राहिलं. कपाटाखाली घरंगळलेलं नाणं आईने केरसुणीने बाहेर काढलं होतं. ते पदराला पुसून ती म्हणाली होती, "हा बघा राजा. रुसलाय. बाकीच्यांकडे पाठ फिरवून बसलाय." सगळी हसली होती. वडिलांनी पाठ बघितली, "मनोरे, चांदणी. आहे आपल्याकडे," असं म्हटलं आणि नाणं जादा नाण्यांच्या डब्यात टाकलं, राजाचं तोंड खाली करून.

म्हणजे ते घरातच होतं. डब्यात. आणि डबा?

डब्यातले सगळे दरवाजे आता समोरच्या भिंतीवर होते. तिचा भाऊ सुतार, ठोक्या या नावानेच सगळे त्याला ओळखत. मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला त्याने एक पाटी करून आणली होती. शिसवाची फळी आणि तिच्यावर डब्यातली दरवाजाची सारी नाणी चिकटवून बनवलेला एक मोठा दरवाजा. दरवाजांचा दरवाजा! दोन नळ्यांचा, दगडावरूनही न सुटणारा गोंद. आणि नाणी कशी चिकटवली होती? वडिलांच्या शिकवणीप्रमाणे. पाठ वर, राजांची तोंडं गोंदात.

तिने भावाला फोन लावला.

"तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?"

"कुठला? मी शहाणपण कधी केलंय?"

"पाटी, रे! ये आधी. आणि येताना काही ठोकायचं आणू नकोस."

ठोक्या आला, तिने दिलेला चहा तसाच ठेवून त्याने सगळं ऐकलं आणि खुर्चीत बसून दाढी खाजवली. "मग राहू दे की ताई. भिंतीवर आहे म्हणजे घरातच आहे."

"खोबण रिकामी आहे."

"इतकी वर्षं आहेच की."

"इतकी वर्षं मला दिसत होतं!" ती ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, मधला भाग जाणार. कडेचं दिसेल, पण ज्याच्याकडे बघेन नेमकं तेच दिसणार नाही. मला ती ओळ भरलेली बघायची आहे, ठोक्या. एकदा. माझ्या डोळ्यांनी."

तो पाटीकडे पाहत राहिला. आता त्याचे हात कापत. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. सरळ रेषेत चिकटवलेलं त्याचं ते शेवटचं काम होतं. ताईला ते ठाऊक होतं आणि म्हणूनच तिला अधिक राग येत होता. कुणावर, ते मात्र तिला कळत नव्हतं.

"काढ," तो म्हणाला. "पण मी करवतीने कापून देतो एकेक—"

"हात लावू नकोस. हे माझं काम."

ताईने उभी हयात कवळ्या बनवण्यात घालवली होती. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ती मेण कोरून, बसवून, घासून कवळी तयार करायची. तिची मेण कोरायची सुरी अजून धारदार होती. तिने पाटी टेबलावर घेतली, केस वाळवायच्या यंत्राने गोंद तापवला आणि पहिल्या नाण्याखाली पातं सरकवलं. टक्क! नाणं सुटलं, पण अख्खं नाही. राजाच्या तोंडावरचा तो हिरवा, काचेसारखा थर, ज्यात नाक-डोळे-मुकुट सगळं असतं, तो गोंदाला चिकटून मागेच राहिला. नाण्याच्या त्या बाजूला नुसता पिवळट, खरवडलेला, पितळी रंगाचा धातू. आणि फळीवर, गोंदात, राजाचा सुबक चेहरा.

"डावीकडे!" ठोक्या खुर्चीतून उठला. "ताई, डावीकडे बघतोय! पहिल्याच झटक्यात!"

"बस खाली. हा साचा आहे, साच्यात उलटं दिसतं. गोंदात डावीकडे म्हणजे नाण्यावर उजवीकडे. नेहमीचाच."

"तू नेहमी अशीच. आनंद म्हणून होऊ द्यायची नाहीस."

"आनंदच झालाय. एका राजाचं थोबाड सोलून काढलं, आणखी काय हवं!"

तिने हातातली सुरी खाली ठेवली. प्रत्येक नाणं असंच सोलून निघणार होतं. एक हवं होतं, त्यासाठी सगळ्यांचे चेहरे जाणार. आणि जे हवं होतं त्याचाही. भिंग लावून ती पाटीवर वाकली. वरून सगळे दरवाजे सारखे. दगड तेच, मनोरे तेच, चांदण्या त्याच. कुठल्या दरवाजामागे तो रुसून बसलाय, सांगायची सोय नाही. तिला रडू आलं, ते तिने शिंकेवर निभावून नेलं.

"आता थांबलीस तर माझी पाटीपण गेली आणि तुझा राजापण गेला," ठोक्या म्हणाला. "काढ सगळी. मला काय, दुसरी फळी मिळते."

तो खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. तरी तिने सुरी उचलली. एकेक नाणं सुटत गेलं, एकेक चेहरा गोंदात डावीकडे पाहत राहिला. ठोक्याचा दरवाजा खालून वर उसवत गेला. एका मनोऱ्याच्या टोकाचं नाणं निघालं आणि ताई भिंग डोळ्याशी नेत तशीच थांबली.

गोंदातला राजा उजवीकडे पाहत होता.

"हा," ती म्हणाली. "हाच. आईचा."

हातातल्या नाण्याची पाठ निर्दोष होती. पण तोंड? हनुवटीची एक कड आणि मानेचा धागा. बाकी कोरं.

ठोक्याने ते घेतलं, उलटंसुलटं केलं. "ताई, रागवू नकोस. पण खणात आपण तोंड खालीच ठेवतो ना? मग बिघडलं कुठे?"

ती भडकलीच. कारण तो बरोबर बोलत होता, आणि ज्या नियमाने आजवर फसवलं, त्याच नियमाने आता समजूत घालायची म्हणजे शुद्ध चेष्टा होती.

"तोंड गेलं तर फरकच गेला, मूर्खा! मग यात आणि बाकीच्यांत काय राहिलं?"

तिने फळी पुढे ओढली. त्या चेहऱ्याभोवती सुरी फिरवली आणि गोंदाची चकती अलगद उचलून घेतली. खण उघडला. शेवटच्या खोबणीत आधी ती चकती ठेवली, चेहरा वर. तिच्यावर नाणं, तोंड खाली. ते किंचित फिरवलं, आणि हिरडीवर कवळी बसावी तसं ते आपल्याच चेहऱ्यावर जाऊन बसलं.

ओळ भरली. ताईने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती पाहिली, मग मान जराशी वळवून कडेच्या नजरेनेही पाहिली.

मग तिने खण ढकलला. तो अर्ध्यात अडला. पुन्हा ढकलला. रुसलेला राजा चकतीच्या जाडीएवढा बाकीच्यांच्या वर आला होता आणि वरच्या फळीला अडत होता.

"दे इकडे," ठोक्या उत्साहाने म्हणाला. "चकती पाठीमागून जरा घासतो. दोन मिनिटांचं काम."

"त्याला हात लावशील तर बघ."

"मग खण असाच उघडा राहणार?"

"राहू दे उघडा," ताई म्हणाली आणि त्याचा गार झालेला चहा पुन्हा तापवायला उठली.