हललेला हात

बाबांचा नियम सोपा होता: चित्रकार घाम गाळतो, फोटोग्राफर बटण दाबतो. हा नियम ते जेवताना सांगत, पाहुण्यांना सांगत, आणि पोटची धाकटी मुलगी त्याच बटणावर संसार चालवते हे आठवलं की जरा जोरात सांगत. ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते.

यंदा तिने चित्रकार मंडळाकडे प्रदर्शनात फोटोंसाठी एक भिंत मागितली होती. तिला तिथे आईचा फोटो लावायचा होता. आई गेल्यापासून तो कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. पण मंडळाचे अध्यक्ष बाबाच. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

निकाल ऐकायला ती फोटो काखेत घेऊनच सभागृहात गेली. चित्रं टांगायचं काम चाललं होतं. मंडळाच्या सचिवबाई बाबांनी रंगवलेल्या आईच्या चित्रापुढे खिळून उभ्या होत्या.

"मास्तर, चेहरा इतका स्वच्छ आणि हात तेवढा धूसर. हे सुचलं कसं?"

"सुचत नसतं बाई, साधावं लागतं," बाबा म्हणाले. वर नम्रपणे मानही लववली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चित्र तिच्या काखेतल्या त्याच फोटोच्या छोट्या प्रतीवरून काढलेलं होतं. बाबा त्याला 'संदर्भ' म्हणत, जसं काही ती एखादी डिक्शनरी होती.

"आणि माझ्या भिंतीचं काय?" तिने विचारलं.

"फोटोत निवड कुठे असते? समोर असेल ते येतं. नाही जमायचं."

तिने वर्तमानपत्र टराटरा फाडलं आणि फोटो चित्राखाली टेकवून ठेवला. तोच चेहरा, तोच धूसर हात. सचिवबाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि त्यांना एकाएकी दुसऱ्या खोलीत काम आठवलं.

बाबा चिडले. "चारचौघांत शोभा करतेस? तुझा फोटो हलला होता. ती चूक होती. ती चूक मी ठेवली, म्हणून ती कला झाली."

"हलला नव्हता. हात हलत होता. शटर मी मुद्दाम हळू ठेवलं होतं. आईला म्हटलं, मान हलवू नकोस, बाकी काय करायचं ते कर. हात हलवल्याशिवाय आईला बोलता तरी येत होतं का? तिचा हात स्थिर दाखवला असता तर ती आई नसती, कुणीही बाई असती."

बाबांनी चष्मा काढला. मग फोटोजवळ वाकले.

"बोलत काय होती?"

"तुम्हालाच शिव्या देत होती. तुम्ही तिच्या दुधाच्या पातेल्यात ब्रश धुतले होते."

बाबा बराच वेळ वाकलेलेच राहिले. धाकटीला वाटलं, कंबर धरली की काय. उठले तेव्हा डोळे ओले होते, आणि त्याचाही त्यांना राग आला होता.

"मला वाटायचं, ती निरोप देतेय," ते म्हणाले. "तसंच रंगवलं मी. आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्यांनी नाक पुसलं. "लाव तुझा फोटो. पण माझ्या शेजारी नको. लोक तुझ्याकडे जास्त वेळ थांबतील."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही तक्रार म्हणून. धाकटीने स्टूल ओढलं आणि खिळा बरोबर त्यांच्या चित्राशेजारीच ठोकला. बाबांनी स्टूल धरून ठेवलं, आणि फोटो टांगून होईपर्यंत "डावीकडे घे, जरा वर, निवड करायला शीक" म्हणत तिचं डोकं खाल्लं.