बाराचा घास

"रुकमे, दोन घास खा गो बाय. रिकाम्या पोटान घराभायर पडा नको."

देवगडच्या घरातला आईचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. आई गेली, घरही गेलं. आवाज मात्र मुलुंडच्या पोळीभाजी केंद्रात, तव्यापाशी उभ्या असलेल्या रुक्मिणीच्या कानाशी रोज सकाळी येऊन बसे. बारा वाजू देत गं आई, ती मनातल्या मनात म्हणे.

बाराचं कारण फोनमध्ये होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी बारा किलो उतरवायला सांगितलं, आणि लेकीनं, अपूर्वानं, उपासाचं ॲप घालून दिलं. सोळा तास पोट बंद, दुपारी बारा ते रात्री आठ उघडं. पडद्यावरचं वर्तुळ भरलं की फोन किणकिणायचा. साबुदाणा चालतो का, असं रुक्मिणीनं विचारलं तेव्हा अपूर्वा हसून हसून वाकली होती. यात देव नाही गं आई, म्हणाली, नुसतं घड्याळ आहे.

पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले, ते घड्याळानं. पुढचे अकरा कशानं उतरले, ते एकट्या रुक्मिणीला ठाऊक होतं.

गणपतीत मोदकाचा घास छातीच्या वर अडला. मग भाकरी अडायला लागली, मग भात. आता पेज आणि ताक तेवढं उतरे, तेही घोटाघोटानं. तिचा नवरा श्यामकांत असाच एका संध्याकाळी म्हणाला होता, गिळताना लागतंय. मग तपासण्या, मग नळी, आणि पाचव्या महिन्यात भिंतीवर फोटो. ते शब्द या घरात पुन्हा उच्चारायचे नाहीत, असं तिनं ठरवून टाकलं. जणू न उच्चारल्यानं ते बाहेरच्या बाहेर परत जाणार होते. फोन विचारी, काय खाल्लंत? ती लिही, दोन पोळ्या, भाजी, वरणभात. फोन शाब्बास म्हणे. अपूर्वा आईचे आधीचे नि आताचे फोटो मैत्रिणींना पाठवी.

केंद्रातही कौतुक काही थांबेना. शेजारच्या तव्यावरच्या कुंदानं तेच ॲप घेतलं.

"माझंच का उतरत नाय गं?" ती विचारी. "तू काहीतरी लपवतेस. चोरटी आहेस एक नंबरची."

रुक्मिणी पोळी उलटून हसे. "नेटानं कर. होईल."

तिच्या शब्दावर विसंबून कुंदानं सोळाचे अठरा तास केले, अठराचे वीस.

आज पावणेबाराच्या सुमारास कुंदाच्या हातातलं उलथनं पडलं. ते घ्यायला ती वाकली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि आधारासाठी टेकलेला हात सरळ तापल्या तव्यावर पडला.

मालकीणबाईंनी गॅस बंद केला, हात नळाखाली धरला आणि त्या रिक्षा बघायला धावल्या. मागच्या पायरीवर दोघीच उरल्या. कुंदाचा उजवा तळवा पाण्याच्या पातेल्यात, पांढरा पडून फुगत चाललेला. कालपासून पाण्याखेरीज काही घेतलं नाही, असं ती सांगत होती. रडत नव्हती, लाजत होती.

"तुझ्यासारखा नेम नाय माझ्यात," ती पुटपुटली. "तू बघ कशी झालीस. माझ्या पोटाचीच हाव सुटत नाय."

रुक्मिणीनं साखरपाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. कुंदानं तोंड फिरवलं. माझं चारला उघडतं, म्हणाली.

तेवढ्यात रुक्मिणीचा फोन किणकिणला. कुंदाच्या चेहऱ्यावर त्या दुखण्यातही हसू आलं. डाव्या हातानं तिनं मघाशी उतरवून दाराशी ठेवलेल्या चळतीतली पोळी ओढली, गुडघ्यावर दाबून तिचा तुकडा तोडला आणि पुढे केला.

"घे. तुझी वेळ झाली. आधी तू खा, मग मी खाईन."

घास ओठांपाशी आला. उबदार पोळीचा, तुपाचा वास. दोन घास खा गो बाय. रुक्मिणीनं तोंड उघडलं. घेऊ, चावू, मग पदरात काढू, रोजच्यासारखं. मग तिची नजर पातेल्यातल्या तळव्यावर गेली.

तिनं कुंदाचं मनगट हलकेच खाली केलं.

"कुंदे, माझं हे फोननं नाय उतरलं," ती म्हणाली. "नेम नाय नि काय नाय. गणपतीपासनं मला घास गिळवत नाय."